मातीच्या सैनिकांपलीकडचे शिआन

चीनच्या सहलीत शिआन शहराच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन दिवस येतात. त्यातला एक दिवस सम्राट छिन शी ह्वांगच्या मातीच्या सैन्यासाठी जातो. उरलेल्या वेळात शहराचा तट, रात्रीची रोषणाई आणि खरेदी उरकली जाते, की पुढचे विमान गाठायचे असते. या धावपळीत शहराच्या दक्षिण भागातली करड्या छपरांची एक विस्तीर्ण वास्तू पाहायची राहून जाते. ती राहिली तर शिआन पाहिले असे म्हणता येणार नाही. शान्शी इतिहास संग्रहालय हे तिचे नाव. एका सम्राटाने मरणानंतरची आपली व्यवस्था कशी लावून ठेवली होती, ते मातीचे सैन्य सांगते. एक शहर शतकानुशतके कसे जगले, कोणाशी व्यवहार करत राहिले, दूरदेशीच्या माणसांकडून काय शिकले, ते मात्र या संग्रहालयातच कळते.

भारत आणि चीन यांच्यातली थेट विमानसेवा २०२० मध्ये थांबली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. मराठी पर्यटकांच्या यादीत चीन परत येण्याची ही वेळ आहे. म्हणूनच आताच एक आग्रह धरायला हवा. शिआनच्या मुक्कामातला एक अख्खा दिवस या संग्रहालयासाठी राखून ठेवला पाहिजे. हा आग्रह कलेच्या अभ्यासकांपुरता नाही. शाळकरी मुले, निवृत्त शिक्षक, व्यापारी, शेतकरी, ज्याला ज्याला माणसांच्या जुन्या उलाढालींचे कुतूहल आहे, त्या सगळ्यांसाठी तो आहे. मराठी माणसाला तर तिथे जायला आणखी एक कारण आहे, आणि ते थेट सातव्या शतकातल्या महाराष्ट्रापर्यंत पोचते.

शिआन म्हणजे जुने छांगआन. झोऊ, छिन, हान, स्वी, तांग या घराण्यांच्या राजधान्या याच परिसरात होत्या. सातव्या-आठव्या शतकांत तांग घराण्याच्या भरभराटीच्या काळी छांगआनच्या तटाच्या आत सुमारे ८४ चौरस किलोमीटरचे शहर वसले होते. काटकोनात छेदणारे रस्ते, भिंतींनी वेढलेल्या पेठा, पूर्वेला एक बाजार आणि पश्चिमेला दुसरा. पश्चिमेच्या बाजारात मध्य आशियातल्या सोग्दी व्यापाऱ्यांची आणि इराणी जवाहिऱ्यांची वर्दळ असे. शहरात बौद्ध विहार होते, अग्निपूजकांची मंदिरे होती आणि पश्चिम आशियातून आलेल्या एका ख्रिस्ती पंथाचा मठही होता. त्या पंथाची माहिती देणारा इ. स. ७८१ मधला चिनी आणि सिरियाक भाषांतला शिलालेख आजही शिआनमध्ये पाहायला मिळतो.

एवढ्या मोठ्या वारशाला साजेसे घर मिळायला वेळ लागला. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय १९७३ मध्ये शान्शी प्रांतात आले असताना त्यांनी नव्या संग्रहालयाची सूचना केली. संग्रहालय उघडले ते २० जून १९९१ रोजी. झांग जिनछ्यू या स्थापत्यकार महिलेने त्याचा आराखडा केला. तांग काळातल्या राजवाड्याची मांडणी त्यांनी आधाराला घेतली. मध्यभागी मुख्य दालन, कोपऱ्यांना मनोरे, मधे मोकळी अंगणे आणि पुढे झेपावणारी रुंद छपरे. चिनी राजवाडा म्हटला की डोळ्यांपुढे येणारा भडक लाल आणि पिवळा रंग मात्र त्यांनी बाजूला ठेवला. पांढरा, करडा, काळा आणि तपकिरी एवढ्याच रंगांत सारी इमारत उभी आहे. आत ठेवलेल्या सोन्याच्या वाडग्यावर आणि रंगीत मृत्तिकाशिल्पांवर नजर ठरावी, यासाठी बाहेरच्या भिंतींनी घेतलेला हा संयम आहे.

चीनने २००८ पासून सार्वजनिक संग्रहालयांचे प्रवेशशुल्क टप्प्याटप्प्याने रद्द केले. इथेही मुख्य दालनांत प्रवेश मोफत आहे. नोंदणी मात्र आधी करावी लागते. या एका निर्णयाचा परिणाम पाहायचा तर दारातली गर्दी पाहावी. नातवंडांचे हात धरलेले आजी-आजोबा, गणवेशातली मुले, तांग काळासारखा पोशाख करून आलेल्या तरुणी, दूरच्या गावांतून आलेली कुटुंबे. चीनमध्ये आज सहा हजारांहून अधिक संग्रहालये आहेत आणि त्यांतली बहुसंख्य मोफत आहेत. संग्रहालय ही सुशिक्षितांची आणि परदेशी पाहुण्यांची जागा आहे, ही समजूत तिथे निदान दारापाशी तरी मोडीत निघाली आहे.

दालनांची सुरुवात लानतिअनच्या आदिमानवापासून होते. तिथून नवाश्मयुगातली रंगवलेली मडकी, झोऊ काळातली काशाची भव्य भांडी, छिन आणि हान यांची साम्राज्ये असा रस्ता पुढे सरकतो. दोन छोट्या वस्तूंपाशी मात्र थांबलेच पाहिजे. पहिली म्हणजे काशाचा एक लहानसा वाघ, बोटभर लांबीचा. तोही अर्धाच, मधोमध उभा चिरल्यासारखा. त्याच्या अंगावर सोन्याच्या तारेने जडवलेली ४० चिनी अक्षरे आहेत. हा छिन राज्यातला सैन्य हलवण्याचा परवाना. उजवा अर्धा राजाकडे आणि डावा दु नावाच्या ठाण्याच्या अधिकाऱ्याकडे असे. ५० पेक्षा अधिक सशस्त्र माणसे हलवायची तर दोन्ही अर्धे जुळले पाहिजेत, शत्रू आल्याचा जाळ डोंगरावर पेटला असेल तर मात्र थांबू नये, असा नियम त्या अक्षरांत लिहिलेला आहे. सेनापतीवर विश्वास किती ठेवायचा आणि संकटात त्याचे हात किती मोकळे सोडायचे, हा राज्यकर्त्यांना कायम पडलेला प्रश्न तळहातावर मावेल अशा वस्तूत सोडवलेला दिसतो.

दुसरी वस्तू पांढऱ्या जेडची मोहोर आहे, जेमतेम तीन सेंटिमीटर रुंदीची. १९६८ मध्ये शाळेतून घरी चाललेल्या एका मुलाला ती पाटाच्या कडेला चमकताना दिसली. त्याच्या वडिलांनी ती शिआनला नेऊन संग्रहालयाच्या स्वाधीन केली. हान काळातल्या सम्राज्ञीची ती मोहोर निघाली. जिथे ती सापडली तिथून हान घराण्याच्या संस्थापकाची समाधी जवळ असल्याने ती त्याची राणी ल्यू हिची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. मोहोर सापडली तो काळ सांस्कृतिक क्रांतीचा होता. जुन्या गोष्टी नष्ट करा, असे सांगत तरुणांचे जथे देवळे आणि ग्रंथ फोडत-जाळत फिरत होते. अशा दिवसांत एका शेतकरी कुटुंबाने ही मोहोर जपून आणून दिली. चीनचा वारसा वाचला त्यात अशा असंख्य साध्या माणसांचा वाटा आहे.

आता हेज्यात्सुनच्या ठेव्याकडे. संग्रहालयाचा हा प्राण आहे आणि त्याच्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागते.

ऑक्टोबर १९७० मध्ये शिआनच्या दक्षिण भागातल्या हेज्यात्सुन या वस्तीत बांधकामासाठी पाया खणत असताना मातीचे दोन मोठे रांजण आणि चांदीचे एक भांडे सापडले. त्यांत एक हजारांहून अधिक वस्तू खच्चून भरलेल्या होत्या. सोन्या-चांदीची भांडीच २७० हून अधिक. तांग काळातल्या सोनारकामाबद्दल जगाला जे ठाऊक आहे, त्यातले बरेचसे या रांजणांनी शिकवले.

त्यातला अकीकाचा प्याला सर्वांत प्रसिद्ध आहे. तांबूस-तपकिरी पट्ट्यांच्या एकाच दगडातून कोरलेले वळणदार शिंगांचे प्राण्याचे डोके, टवकारलेले कान, रोखलेले डोळे. तोंडाला सोन्याचे झाकण. झाकण काढले की मद्य त्या तोंडातून बाहेर यायचे. कारागिराने दगडातल्या रंगांच्या पट्ट्या अशा साधल्या आहेत की शिंगे, कान आणि मान यांना दगडाचाच रंग मिळाला आहे. हा घाट मुळात चीनचा नाही. प्राण्याच्या डोक्याच्या आकाराचे मद्यपात्र इराण, मध्य आशिया आणि त्यापलीकडे ग्रीकांपर्यंत वापरात होते. हा प्याला पश्चिमेकडून भेट म्हणून आला की छांगआनमध्ये घडवला गेला, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. चीनने २००२ मध्ये देशाबाहेर प्रदर्शनासाठीही पाठवायच्या नाहीत अशा ६४ वस्तूंची पहिली यादी जाहीर केली, तीत या प्याल्याचा समावेश आहे. म्हणजे ज्या वस्तूचा घाट परका आहे, तीच चीनने सर्वाधिक जपण्याजोग्या वस्तूंत गणली. हा निर्णय उदार आहे आणि योग्यही.

शेजारची चांदीची सुरई भटक्या घोडेस्वारांच्या कातडी पखालीच्या आकारात घडवलेली आहे. तिच्या दोन्ही अंगांवर सोन्याचा मुलामा दिलेला घोडा आहे, मागचे पाय दुमडून बसलेला आणि तोंडात प्याला धरलेला. सम्राट श्वानझोंगच्या वाढदिवसाला राजवाड्यात शिकवलेले घोडे संगीताच्या तालावर नाचत आणि शेवटी गुडघे टेकून सम्राटाला प्याला पुढे करत, असे वर्णन तांग काळातल्या लिखाणात येते. ही सुरई सापडेपर्यंत त्याला कवींची अतिशयोक्तीही म्हणता आले असते. घोड्यांचा शेवट मात्र करुण आहे. इ. स. ७५५ मध्ये सेनापती आन लुशानने बंड केले, राजधानी पडली, दरबार उधळला. त्यातले काही घोडे एका सरदाराच्या छावणीत गेले. एके दिवशी छावणीत वाद्ये वाजू लागली तेव्हा ते सवयीने नाचू लागले. सैनिकांना वाटले, घोड्यांना भूतबाधा झाली. त्यांनी त्यांना मरेपर्यंत मारले. ही कथा जुन्या नोंदींत आहे आणि ती ठाऊक असलेला माणूस त्या सुरईपुढून लवकर हलत नाही.

ठेव्यातला सुगंधाचा चेंडू तर विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांना मुद्दाम दाखवावा. चांदीचा जाळीदार गोळा, साडेचार सेंटिमीटर व्यासाचा, द्राक्षवेली आणि पक्ष्यांच्या नक्षीचा. आत एकात एक बसवलेली दोन कडी आणि त्यांत टांगलेली निखाऱ्याची इवलीशी वाटी. गोळा कसाही फिरवला तरी वाटी सरळच राहते आणि राख सांडत नाही. जहाजावरचे होकायंत्र लाटांत समतल ठेवण्यासाठी हीच युक्ती वापरली जाते. हा गोळा एका ऐतिहासिक कोड्याचेही उत्तर ठरला. श्वानझोंगची लाडकी यांग ग्वेफेई हिला बंडाच्या धामधुमीत ७५६ मध्ये मरण पत्करावे लागले. पुढे तिचे दफन उकरले तेव्हा देह विरघळून गेला होता आणि तिच्या अंगावरचा सुगंधाचा बटवा तेवढा शिल्लक होता, अशी नोंद आहे. कापडी बटवा मातीत कसा टिकेल, ही शंका वाचकांना पडत असे. १९८७ मध्ये शिआनजवळच्या फामेन मंदिराखालचे तळघर उघडले. तिथल्या वस्तूंच्या दगडी यादीत असाच चांदीचा गोळा त्याच नावाने नोंदलेला आढळला आणि शंका फिटली.

रांजणांत औषधेही होती. चांदीच्या डब्यांत हिंगूळ, गारगोटीचे नाना प्रकार, सोन्याचा वर्ख आणि डब्यांच्या झाकणांवर आत काय आहे, वजन किती, हे शाईने लिहिलेले. नाणी निराळीच. चीनच्या कैक शतकांची नाणी, जपानमध्ये आठव्या शतकाच्या आरंभी पाडलेली चांदीची नाणी, बायझंटाइन सम्राट हेराक्लियसच्या नावाचे सोन्याचे नाणे आणि इराणचा सासानी बादशहा खुस्रो दुसरा याचे चांदीचे नाणे. कोणाचा होता हा ठेवा? लेखक आणि इतिहासकार ग्वो मोरुओ यांनी तो एका तांग राजपुत्राच्या घरातला असून आन लुशानच्या बंडात पुरला गेला असावा, असे मत मांडले होते. पुरातत्त्वज्ञ छी दोंगफांग यांनी नंतर तो ल्यू झेन या करवसुलीच्या अधिकाऱ्याशी आणि ७८३ मधल्या सैनिकी उठावाशी जोडला. वाद मिटलेला नाही. कोणीतरी जीव वाचवत पळण्यापूर्वी घाईघाईने हे सारे पुरले आणि परत यायला तो उरला नाही, एवढे नक्की.

भित्तिचित्रांच्या दालनाचेही तिकीट वेगळे आहे. ते काढावेच. तांग राजघराण्याच्या समाध्यांमधली ही चित्रे भिंतींवरून अलगद सोडवून इथे आणली आहेत आणि २०११ मध्ये त्यांच्यासाठी इटलीच्या सहकार्याने खास दालन उघडले. उजेड मंद, काचेआडची हवा नियंत्रित. चित्रे मात्र चैतन्याने भरलेली. युवराज झांगह्वायच्या समाधीतल्या चित्रात वीसेक स्वार पोलो खेळताहेत, एक जण भरधाव घोड्यावरून मागे वळून चेंडू मारतो आहे. दुसऱ्या चित्रात अंतःपुरातल्या तिघी आहेत. एक उडत्या पक्ष्याकडे पाहते आहे, एक झाडावरचा किडा पकडू पाहते आहे, तिसरी स्वतःतच हरवली आहे. बंद आयुष्यातला कंटाळा इतक्या थोड्या रेषांत क्वचितच कोणी पकडला असेल.

या चित्रांमागची माणसे सुखाने मेलेली नाहीत. झांगह्वाय हा वू झतिअनचा मुलगा. चीनच्या इतिहासात स्वतःच्या नावाने सम्राटपद भोगणारी ही एकच स्त्री. मुलाचे युवराजपद काढून घेऊन त्याला दूर धाडले गेले आणि ६८४ मध्ये आत्महत्या करायला लावले गेले. ७०१ मध्ये तिचा नातू यीद आणि नात योंगताय हीही ऐन तारुण्यात गेली. दरबारातल्या तिच्या मर्जीतल्या माणसांवर टीका केली म्हणून त्यांना मरावे लागले, असे इतिहासग्रंथ सांगतात. ७०५ मध्ये वूची सत्ता संपली आणि या तिघांना सन्मानाने पुन्हा पुरण्यात आले. भिंतींवरची मिरवणूक, शिकार, दासी आणि मनोरे हे सारे त्या उशिरा मिळालेल्या सन्मानाचे आहे.

झांगह्वायच्याच समाधीत परदेशी वकिलांचे चित्र आहे. तीन तांग अधिकारी आपापसांत बोलत उभे आहेत आणि मागे तीन पाहुणे खोळंबले आहेत. एक टक्कल पडलेला आणि मोठ्या नाकाचा, कदाचित बायझंटाइन. एकाच्या टोपीला पिसे, तो कोरियाचा. एकाच्या डोक्यावर केसाळ कातड्याची टोपी, तो ईशान्येकडच्या टोळ्यांतला. वाट पाहणाऱ्या वकिलाच्या चेहऱ्यावरचा अवघडलेपणा चित्रकाराने हुबेहूब टिपला आहे.

इथे अजिंठा आठवल्याशिवाय राहत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात दरबाराचे एक चित्र आहे, त्यात टोकदार टोप्या घातलेले परदेशी लोक नजराणे घेऊन आलेले दिसतात. बदामीच्या चालुक्य घराण्यातला पुलकेशी दुसरा इराणच्या खुस्रोच्या वकिलाला भेटतो आहे, असे एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन यांनी म्हटले आणि ते दीर्घकाळ मान्य झाले. आज बरेच अभ्यासक ते चित्र वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले, म्हणजे पाचव्या शतकातले मानतात आणि पुलकेशीचा संबंध नाकारतात. मात्र अरबी भाषेत लिहिणाऱ्या इतिहासकार तबरीच्या ग्रंथात खुस्रो आणि एका भारतीय राजाच्या पत्रव्यवहाराचा उल्लेख आहे आणि तो राजा पुलकेशी असावा, असे मत आहे. त्याच खुस्रोचे नाणे हेज्यात्सुनच्या रांजणात निघाले आहे.

आणि छांगआनहून निघालेला एक माणूस तर खुद्द पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला. भिक्षू ह्युएनत्संग. इ. स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. त्याने लिहून ठेवले आहे की इथले लोक साधे पण मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमान गिळत नाहीत, सूड घ्यायचा असला तरी शत्रूला आधी कळवतात. लढाईपूर्वी हत्तींना मद्य पाजण्याची चाल त्याने नोंदवली आणि हर्षवर्धनालाही या राजाला नमवता आले नाही हेही. राज्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरात कोरलेला एक विहार आणि त्याच्या दाराशी असलेले दगडी हत्ती यांचे जे वर्णन तो करतो, ते अजिंठ्याचे असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन छांगआनला परतला. ते सुरक्षित ठेवण्यासाठी ६५२ मध्ये उभारलेला महान रानहंस पॅगोडा या संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सातव्या शतकातल्या मराठी मुलखाचे डोळ्यांनी पाहून केलेले इतके सविस्तर वर्णन ज्या शहरात लिहिले गेले, त्या शहरात जाऊन मराठी पर्यटकाने फक्त मातीचे सैनिक पाहून परतावे, ही खेदाची गोष्ट आहे.

या संग्रहालयात सारेच आदर्श आहे, असे मुळीच नाही. सुट्टीच्या दिवसांत प्रवेशाची नोंदणी उघडता उघडता संपते. ती फोनवरून करावी लागते, त्यामुळे वृद्धांची आणि परदेशी पाहुण्यांची फार अडचण होते. हेज्यात्सुनच्या काचांपुढे इतकी दाटी असते की निवांत पाहणे कठीण. मांडणीतही राजघराण्यांची कथा ठळक आहे. ज्या शेतकऱ्यांच्या करांवर ही भांडी घडली, त्यांचे आयुष्य त्या मानाने पुसट आहे. मुख्य दालने छिंग काळापर्यंत येऊन थांबतात, विसाव्या शतकातल्या उलथापालथी तिथे भेटत नाहीत. सांस्कृतिक क्रांतीत याच देशात किती वारसा नष्ट झाला, हे पाहणाऱ्याला स्वतः वाचून यावे लागते. संग्रहालय सरकारी आहे आणि कोणती गोष्ट सांगायची हे सरकार ठरवते. हे भान ठेवूनच ते पाहायला हवे.

तरीही या संग्रहालयाने एक मोठे काम केले आहे, यात शंका नाही. आपल्या वैभवाचा पुरावा म्हणून त्याने परक्या घाटाचा प्याला, भटक्यांची पखाल, इराणचे नाणे आणि परदेशी वकिलांचे चित्र पुढे मांडले. बाहेरच्या जगाला दारे उघडी ठेवली म्हणून छांगआन मोठे झाले, हे तिथे येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलालाही वस्तू पाहून कळते.

महाराष्ट्राकडे असे पुरावे कमी नाहीत. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. रोमशी होणाऱ्या व्यापाराचे वर्णन करणाऱ्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत त्याचे नाव आहे आणि तिथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या भारतीय मूर्तीची जवळची नातेवाईक आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकातल्या उत्खननात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती निघाली. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला एका शेतकऱ्याला काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले ते १९७४ मध्ये. शिआनजवळ विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना मातीचा पहिला सैनिक लागला, तेही १९७४ मध्येच. तिथे पाच वर्षांत उत्खननाच्या जागेवरच संग्रहालय उघडले. दायमाबादचे नाव मात्र आज महाराष्ट्रातल्या किती मुलांना ठाऊक असेल? दोन्ही शोधांचा आकार सारखा नाही, हे मान्य. पण कुतूहलाला आकाराची अट नसते.

इथे काहीच होत नाही, असेही नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१७ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या साथीने भारत आणि जग यांचा एकत्र इतिहास मांडणारे मोठे प्रदर्शन भरवले होते. त्याच संग्रहालयाची बस शाळांच्या दारात वस्तू घेऊन जाते. २०१५ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि चीनमधल्या लेण्यांचे गाव दुनह्वांग यांच्यात भगिनी शहरांचा करारही झाला आहे. कराराचा कागद आहे, वस्तू आहेत, जाणकारही आहेत. एवढे सगळे एका छताखाली एका गोष्टीत गुंफणारे दालन तेवढे नाही.

ते व्हायला हवे. राज्य शासनाने तेर, ब्रह्मपुरी, दायमाबाद, अजिंठा आणि ह्युएनत्संगाने पाहिलेला महाराष्ट्र यांची एकत्र कथा सांगणारे कायमचे दालन उभारावे, मूळ वस्तू शक्य नसतील तिथे उत्तम प्रतिकृती ठेवाव्यात. माहिती स्वच्छ मराठीत लिहावी. राज्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला तिथे मोफत प्रवेश द्यावा. आणि दुनह्वांगशी झालेल्या करारातून निदान भित्तिचित्रांच्या जतनाचे तज्ज्ञ तरी दोन्ही दिशांनी ये-जा करतील, असे पाहावे.

वाचकांसाठी एवढेच. शिआनला जाणार असाल तर संग्रहालय सोमवारी बंद असते हे लक्षात ठेवून दिवस ठरवा, पासपोर्टच्या नोंदीने प्रवेश आधीच मिळवा आणि हेज्यात्सुन व भित्तिचित्रे या दोन्ही दालनांची वेगळी तिकिटे काढा. सहल आयोजकाच्या कार्यक्रमात हे संग्रहालय नसेल तर ते घालायला लावा. आणि चीनला जाणे जमणार नसेल, तर येत्या सुट्टीत मुलांना घेऊन तेरचे संग्रहालय किंवा कोल्हापूरचे टाऊन हॉल संग्रहालय पाहून या.